हिशेब विचार

पोरी,

परवा रात्रीचा तुझा मेसेज तीनदा वाचला. समोरच्या फ्लॅटमध्ये कामाला ठेवलेली ती मुलगी लिफ्टपाशी भेटली, तू 'बरी आहेस ना?' विचारलंस, ती हसून 'हो ताई' म्हणाली. आणि आता तुला वाटतंय, तिला अडकवून राबवतायत असा आपणच उगाच संशय घेतोय.

अगं, हेच 'हो ताई' ऐकून मीही निमूट घरी गेले होते. माटुंग्याला आमच्याच जिन्यावर, अशाच एका कामाच्या पोरीकडून. वर्षभरात चारदा विचारलं असेल, 'खूश आहेस ना?' पगार कोणाच्या हातात पडतो, हे एकदाही नाही. दिवाळीनंतर ती दिसेना. 'गावाला गेली' म्हणाले. कुठल्या गावाला? तेव्हा माझी नोकरी, सासूबाई अंथरुणाला... ते कारण नव्हे. थोडं होतंही.

म्हणून सांगते, खुशाली विचारू नकोस, हिशेब विचार. उचल, म्हणजे कामाआधीच दिलेले पैसे, कोणी घेतली? फिटायची किती राहिली? घरी फोन लावते तेव्हा शेजारी कोण उभं असतं? ती एकटी असेल तेव्हाच, मालकिणीच्या देखत एक शब्द नाही.

कुलपं आणि साखळदंड सिनेमात. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कातकरी कुटुंबाला बांधून ठेवावं लागत नाही, पावसाळ्यात घरात दाणा नसताना दिलेली उचल पुरते. जरीच्या गाळ्यांत बिहारची पोरं आली तीही बापाच्या हातावर पेशगी ठेवून. कामाठीपुऱ्यात तर मुलगी आणायला मोजलेले पैसे तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढवतात. सगळीकडे हिशेबच.

'पण तिच्या आईनेच पाठवलंय तर?' या तुझ्या प्रश्नाचा मला खरंच राग आला. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ वाच. शोषणासाठी माणूस आणताना त्याच्यावर ताबा असलेल्याची संमती पैसे देऊन मिळवणं, हाच तस्करीचा एक मार्ग म्हणून तिथे लिहिलाय. मुलीचं स्वतःचं 'हो' तर जमेसच धरत नाहीत. आणि उचलीपायी राबवणं ही वेठबिगारी. १९७६चा कायदा ते देणंच रद्द करतो.

चौदाच्या आतली वाटत असेल तर हिशेबालाही थांबू नकोस. अशा मुलांना घरकामाला ठेवायला २००६पासूनच बंदी आहे. सरळ १०९८ लाव, मुलांसाठीची हेल्पलाइन. अंदाजे वय, मजला, कामाच्या वेळा, डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग. मॅडमना जाब विचारायला जाऊ नकोस, मुलगी रातोरात हलवतात. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलास तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस.

मुलगी सुटून बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढे काय ते ठरवणाऱ्या समितीपुढे, गेली की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. तू तिथेही हिशेब विचार. राहिलेला पगार मिळाला का? रिकाम्या हाताने घरी गेलेली पोर पुढच्या उचलीला पुन्हा याच गाडीत बसते.

उद्या दुपारी मी घरीच आहे. फोन लावलास की वेळ लिहून ठेव, बोलणाऱ्याचं नावही. मग मला कळव. जेवली नसशील तर इकडेच ये.