सिंगापूर ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती? विमानाने किती तास लागतात?

थेट विमान घेतलंत तर साडेअठरा ते एकोणीस तास धरा. अंतराचे मात्र दोन आकडे आहेत आणि दोन्ही खरे.

पहिला कागद-पेन्सिलीने काढता येतो, आणि मला ते फार आवडतं. सिंगापूरचा चांगी विमानतळ १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्कचा केनेडी ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे दोघं जवळजवळ पृथ्वीच्या पाठीला पाठ लावून बसलेत, त्यामुळे सगळ्यांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ शिवून जाते. चांगी ते ध्रुव ८८.६ अंश, ध्रुव ते केनेडी ४९.४, एकूण १३८. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १५,३०० किलोमीटर झाले. संगणकावर काढलं तर १५,३४० च्या आसपास येतं. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मोजू नका, तिथे ध्रुव दिसतच नाही.

दुसरा आकडा विमान खरोखर कापतं तो. २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या नुअर्क विमानतळाची थेट सेवा पुन्हा सुरू केली तेव्हा जाहीर झालेलं अंतर होतं सुमारे १६,७०० किलोमीटर. तेराशे-चौदाशे किलोमीटर जास्त का? वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा सहज. विमानाचा स्वतःचा वेग नऊशे. म्हणून ध्रुवाकडे न जाता पॅसिफिकवरून वळसा घेतला तरी वेळ वाचतो.

ही सेवा एअरबस ए३५०-९०० यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याच्या, विमानाची. जागा फक्त १६१, बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच! ती हवी असेल तर मध्ये कुठेतरी थांबावं लागतं आणि प्रवास बावीस-चोवीस तासांवर जातो, थांबा लांबला तर त्याहून जास्त.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून तास काढू नका. न्यूयॉर्क उन्हाळी वेळेत सिंगापूरच्या १२ तास मागे असतं, हिवाळ्यात १३. मी ऑक्टोबरात रात्री साडेअकराला निघालो, तारीख १०. काही तासांनी खिडकीतून सूर्य उगवला, तो ११ तारखेचा. मग आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि खाली परत १० तारीख लागली. तिचा सूर्यास्तही बघितला. उतरलो तेव्हा ११ ची पहाट, सहा वाजायचे होते आणि बाहेर अंधार. त्या ११ तारखेचा दुसरा सूर्योदय मी टॅक्सीच्या रांगेत उभा राहून पाहिला.