स्कूबात ‘श्वास रोखू नका’ हा पहिला नियम का?

तुमचं म्हणणं असं, की पोहणं उत्तम येतं, दोन मिनिटं श्वास रोखता येतो, मग स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला, चार दिवसांचा कोर्स कशाला? यात दोन गैरसमज आहेत. त्यातला दुसरा जिवावर बेतू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला लवकर संपवतो. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. गाळून, कोरडी करून दाबाने भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो, झटके येऊ शकतात.

दुसरा म्हणजे श्वास रोखण्याचं कौशल्य इथे कामी येईल हा समज. ते का येत नाही, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र, कसं घडलं ते पाहिलं की कळतं. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. त्यामुळे लांब नळी तोंडात धरून वरची हवा ओढता येत नाही, मीटरभर खालीच छाती फुगायला तयार होत नाही. हवा मिळायला हवी ती आजूबाजूच्या पाण्याच्याच दाबाची, आणि तीही श्वास घ्याल तेव्हाच. फ्रान्समध्ये रुकेरोल आणि देनेरूझ यांनी १८६५च्या सुमारास हे बऱ्यापैकी साधलं होतं, पण तेव्हाच्या टाकीत पुरेशी हवा मावत नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा गॅसवर गाड्या चालवण्यासाठी एमिल गान्याँ या इंजिनिअरने एक झडप (व्हॉल्व्ह) केली होती. १९४३ साली जाक कूस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याबरोबर त्याने तीच पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठी बदलून घेतली. मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत पाणबुड्या उभा राहिला की हवा भसाभस वाया जायची, डोकं खाली केलं की ओढताना दम लागायचा. कारण इतकंच, की हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा काही सेंटिमीटर वरखाली होती. तेवढ्या पाण्याचा दाबही यंत्राला जाणवत होता! दोन्ही जागा शेजारी आणल्या आणि ते चाललं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता धोका पाहा. १० मीटरवर रेग्युलेटर तुम्हाला दुप्पट दाबाची हवा देतो. ती छातीत कोंडून वर आलात तर ती दुप्पट जागा मागणार. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं, आणि बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. भरलेल्या छातीने मीटर-सव्वा मीटर वर येणंही पुरे होतं. ४० वरून ३० मीटरवर येताना हवा फक्त सव्वापट होते, १० वरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. म्हणजे उथळ पाणी सुरक्षित हा समजही सोडा.

मी शिकत होतो तेव्हा मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचा सराव होता. पाणी नाकाला लागलं आणि माझा श्वास आपोआप थांबला, पाय वर जायला लागले. रेग्युलेटर तोंडातच होता, हवा भरपूर होती. प्रशिक्षकांनी खांद्याचा पट्टा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने आपल्या तोंडापासून पुढे खूण केली: सोड. मी त्यांचे बुडबुडे बघत सोडला. चार दिवस लागतात ते शरीराची ही जुनी सवय मोडायला.

बाकीचं थोडक्यात. कान दुखायची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या मीटरपासूनच इक्वलाइझ करायचे, म्हणजे नाक दाबून हळूच फुंकून कानातला दाब पाण्याच्या दाबाएवढा करायचा. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८मध्ये यासाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली कोष्टकं मांडली. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून वर कसं यायचं ते सांगणारी यंत्रं, त्याच विचारावर उभे आहेत. हवेचा हिशेबही शिका: १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) सुमारे २४०० लिटर हवा असते. मिनिटाला २० लिटर लागत असेल तर ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, २० मीटरवर दाब तिप्पट म्हणून ४० मिनिटं. ५० बार राखून ठेवलेत तर हातात उरतात अर्धा तास.

कोर्सला नाव घालताना आरोग्याचा फॉर्म मिळेल. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट्स, यातलं काहीही असेल तर लपवू नका. आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा, मग पैसे भरा.