वाणी, गोम आणि सातवं वलय

गुहागरच्या एका वाचकांनी विचारलंय: पाऊस लागला की गडग्यावर, पडवीत, न्हाणीघरात लांबट, गोल अंगाचा, शिवला की गुंडाळी करून पडणारा किडा येतो. आमच्याकडे त्याला कुणी वाणी म्हणतं, कुणी पैसा, कुणी सरळ गोम. त्याचं नीट वर्णन मराठीत लिहायचं तर कोणता शब्द घ्यावा? आणि अंगावरच्या कड्यांना ‘खंड’ म्हणावं की ‘वलय’?

गोम आधी बाजूला काढू, कारण ती वेगळीच. तिचं अंग चपटं, चाल वेगाची, आणि पायांच्या पहिल्या जोडीचीच तिच्या डोक्याखाली विषारी नखं झालेली असतात. ती शिकार करते आणि चावते. वाणी पातेरा आणि कुजकं लाकूड खातो, चावत नाही. गोमेच्या पायवाल्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते. मोठ्या गोमेला आपण घोण म्हणतो, तिच्या जोड्या बहुधा 21, म्हणजे पाय 42. गोमेच्या शंभर पायांबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो, पण पूर्ण वाढलेल्या गोमेच्या जोड्या नेहमी विषम संख्येत असतात. पन्नास ही सम संख्या, त्यामुळे बरोबर शंभर पायांची गोम सापडणं जवळजवळ अशक्यच.

आता वाणी की पैसा? बोलताना दोन्ही चालतील. लिहिताना मी ‘वाणी’ घेईन. ‘पैसा’ हे नाव चपट्या गुंडाळीवरून पडलंय, आणि याच गटातल्या सगळ्यांना ते लागू पडत नाही. सह्याद्रीच्या रानात आर्थ्रोस्फेरा वंशातले आखूड, रुंद वाणी आहेत, ते अंग मिटून पूर्ण गोळा होतात. ‘सहस्रपाद’ हा शब्द पुस्तकी आहे. हजाराहून जास्त पाय असलेली पहिली जात 2021 साली ऑस्ट्रेलियातून नोंदली गेली, तिच्या एका मादीला 1306 पाय होते. आपल्या बागेतल्या वाण्याचे पाय त्याच्या आसपासही जात नाहीत. मिलिपीड लिहिलंत तरी माझी हरकत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

खंड आणि वलय यांत मात्र फरक पाळायलाच हवा. वाण्याचं दिसणारं एक कडं म्हणजे गर्भावस्थेतले दोन खंड एकत्र येऊन झालेलं एक वलय. म्हणूनच बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, आणि श्वासाची छिद्रंही दोन जोड्या. ‘प्रत्येक खंडाला दोन जोड्या’ असं लिहिलंत तर वर्णनच चुकतं. जे डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, ते वलय.

मोजणी डोक्यामागून सुरू करा. पहिल्या वलयाला पाय नसतात, त्याला मानेचं वलय म्हणा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वलयाला साधारणपणे एकेकच जोडी. त्यापुढे दोन-दोन. शेपटाकडची एक-दोन वलयं पुन्हा बिनपायांची असू शकतात, कारण वाणी कात टाकत वाढतो आणि नवी वलयं तिकडेच तयार होतात. म्हणून लांब गोल वाण्यांत वलयांची संख्या एकाच जातीतही कमी-जास्त असते. चपट्या पाठीच्या, दोन्ही बाजूंना पंखासारख्या कडा असलेल्या वाण्यांत ती बहुधा 19 किंवा 20 वर ठरलेली असते, आणि त्यांना डोळे नसतात.

जात ओळखायची तर नर हवा. त्याला उताणा करून पोटाकडून पाहा. पायांची रांग सरळ चाललेली असते आणि सातव्या वलयापाशी तुटते, तिथे मोकळी जागा दिसते. तिथल्या पायांचं रूप बदलून त्यांचे जननपाद झालेले असतात. चपट्या पाठीच्यांत त्या वलयाची पुढची जोडी बदलते. गोल अंगाच्यांत सहसा दोन्ही बदलतात आणि आत ओढून घेतलेल्या असतात. जननरंध्र तिथे नसतं, ते पुढे दुसऱ्या जोडीच्या पायांपाशी असतं. जननपाद फक्त वीर्य पोचवण्याचं काम करतात. त्यांचा आकार, टोकावरचे आकडे, काटे जातीगणिक वेगळे असतात, आणि तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचंच चित्र काढून जात ठरवतात. रंगावर विसंबू नका. तांबूस वाणी दिसला की लगेच ‘ट्रिगोनियुलस कोरॅलिनस’ लिहून मोकळं होणारे फार झालेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बाकीचे शब्द घरातलेच आहेत. पायाचे भाग म्हणजे पेरं. डोक्यावरच्या त्या मिशाच, कोळंबीला आपण मिशा म्हणतोच की. वलयांच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील, ती ‘ग्रंथिछिद्रं’. गोल वाणी त्यांतून जो स्राव सोडतो त्याने बोटं तपकिरी होतात आणि तो डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो, तेव्हा हाताळून झालं की हात धुवा.

फोटो पाठवाल तेव्हा पाठीचा एक, डोक्याचा समोरून एक आणि पोटाकडून पहिल्या दहा वलयांचा एक, असे तीन पाठवा. डोक्याचा यासाठी, की ट्रिगोनियुलसच्या गणात कपाळावरून खाली उभी रेघ स्पष्ट उतरलेली असते.