पहिली टाकी दोन फुटीच घ्या, आणि तो ‘शार्क’ दुकानातच राहू द्या

लेकीच्या वाढदिवसाला फिशटँक, त्यासाठी दुकानदाराने सुचवलेली एक फुटी टाकी, दोन गोल्डफिश, काच चाटायला एक सकर आणि वर एक छोटा शार्क. हे सगळं घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. अगदी हीच यादी एका दुकानाने आमच्याही गळ्यात मारली होती, म्हणून लिहायला बसलो.

तो शार्क खरा शार्क नव्हेच. तो मेकाँग नदीतला पंगस. हॉटेलात बासा म्हणून फिले मिळते ना, बहुतेक वेळा तोच. विकताना बोटभर असतो, पुरता वाढला की मीटरभर. शिवाय थव्यात राहणारा आणि भलता घाबरट. कुणी ट्यूबलाइट लावली तरी सुसाट सुटून काचेवर थोबाड आपटायचा. आमच्याकडच्याचं नाक सोलून पांढरं पडलं होतं. दुकानात विचारायला गेलो तर उत्तर काय, ‘साहेब, टाकीच्या मापानेच वाढतो मासा.’ ही थाप अजून चालते याचं नवल वाटतं. तसा वाढत नाही, खुरटतो आणि मरतो. परत घ्या म्हटलं तर विकलेला माल परत नाही, आणि लगेच चार फुटी टाकीचा भाव सांगायला सुरुवात! सगळे दुकानदार असे नसतात, पण मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून मी खडीसुद्धा घेणार नाही.

दुकानात मिळणारा सकरही सहज फूट-दीड फुटाचा होतो. नकोसा झाला म्हणून तळ्यात सोडू नका हो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि जाळी फाडतो.

टाकी २४ × १२ × १२ इंचांची घ्या, साधारण ५६ लिटर. एक फुटीत जेमतेम २८ लिटर पाणी मावतं, त्यामुळे एखादा मासा नजरेआड मेला तरी अमोनिया (घाणीतून तयार होणारं, माशांना विषारी द्रव्य) झपाट्याने चढतो. छोटी टाकी नवशिक्याला सोपी हा गैरसमज आहे. मात्र भरलेली दोन फुटी ७० किलोच्या आसपास जाते, टीव्हीच्या फळीवर ठेवू नका.

फिल्टर लागतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावं लागतं, हे तुम्ही वाचलंच असेल. वाढदिवसाला टाकी, खडी आणि वनस्पती द्या, मासे चार-सहा आठवड्यांनी, फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. लेक रुसेल, पण तिच्याच हाताने झाडं लावून घ्या.

बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी किंवा प्लॅटी, फक्त नर, नाहीतर पिल्लं वाटत फिराल. नळाचं पाणी मृदू असेल तर आठ-दहा निऑन टेट्रा आणि तळाला सहा छोटे कोरी (कोरिडोरस, तळाशी फिरणारे मिशाळ मासे). एवढंच. निऑनबरोबर एंजल नको, मोठा झाला की गिळतो. गप्पीबरोबर टायगर बार्ब नको, शेपट्या कुरतडतात. गोल्डफिश तर या कुणाबरोबरच नको, त्याला थंड पाणी लागतं आणि घाण तो चौघांची करतो.

माझा अनुभव मुंबईच्या पाण्याचा आहे, तुमच्याकडे हिवाळा कडक असेल तर हीटर लागेल. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाच्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात.