आईला घेऊन पवनीला

प्रश्न : आईला पवनीच्या पंचमुखी गणपतीचं दर्शन घ्यायचं आहे. सकाळी साकोलीहून निघून संध्याकाळी परतायचा बेत आहे. दर्शनानंतर बघण्यासारखं काही आहे का? आईचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, साकोली

उत्तर : दादा, पवनी माझं माहेर. माझं ऐकाल तर देवळातून थेट गोसीखुर्दच्या धरणावर जाऊ नका. सगळे तेच करतात आणि पवनी बघायची राहूनच जाते.

गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी. दर्शन निवांत होऊ द्या, मग गाडी जगन्नाथ टेकडीकडे घ्या. दिसायला टेकाड आणि त्यावर मंदिर, एवढंच. पण १९६९-७० साली पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झालं आणि पोटातून विटांचा प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. त्याची सुरुवात मौर्यांच्याही आधीची असावी, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. स्तूपाभोवतीच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. एका खांबावर फणा काढलेला नाग आहे, आणि तो मुचलिंद, असं तिथेच लिहिलंय. पावसात बुद्धांवर फणा धरणारा तोच हा. शिल्पं आता तिथे नाहीत, पण आईला ही गोष्ट टेकडीच्या पायथ्याशी गाडीतच सांगा, चढायची गरज नाही. असाच दुसरा स्तूप जवळच्या चांडकापूरच्या सुलेमान टेकडीवर निघाला.

तिथून किल्ल्याच्या दरवाज्याशी या. तीन बाजूंनी खंदक आणि चौथीला वैनगंगा, अशी या गावाची राखण होती. मातीच्या तटावर दगडी भिंत चढवलेली आहे. ती जवळून बघा, हात लावून बघा. मात्र मुलं सोबत असतील तर वीट, खापराचा तुकडा काहीही उचलू देऊ नका. मला याचं फार वाटतं. शेत नांगरताना वर आलेलं खापरसुद्धा इथे दोन हजार वर्षांचं असू शकतं, आणि जागचं हललं की त्याच्याकडून काही कळत नाही.

घाट शेवटी ठेवा. पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या होतात, म्हणून आईला वरच सावलीत बसवा, नदी तिथूनही छान दिसते. दिवाळीनंतर या. जेवणाचा डबा घरूनच आणा.