बेळगाव-खानापूर भागात टायर पायरोलिसिसचा प्लांट टाकणं परवडेल का?

खानापूर रोडला तुमची २ एकर जागा पडून आहे, भंगार टायर हवे तेवढे मिळतात, ‘वर्तुळाकार अर्थव्यवस्थे’चे, म्हणजे वापरलेला माल परत वापरात आणायचे, नवे नियम आलेत, तर पायरोलिसिसचा, म्हणजे टायर तापवून तेल काढायचा, प्लांट टाकावा का आणि नफा किती, असं तुम्ही विचारलंय. नफ्याचं नंतर बघू. हाच प्रश्न माझ्या दाजींनी आमच्या दुकानात टायर घासायच्या बफिंग मशीनशेजारी उभं राहून विचारला होता. विचारला कसला, ॲडव्हान्स देऊनच आले होते.

आमचं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेला टायर घासून त्यावर नवं रबर चढवायचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. चोर्ला घाटातनं गोव्याला जाणारे ट्रक, ऊस ओढणारे ट्रॅक्टर, हे आमचं गिऱ्हाईक. दाजी म्हणाले, “अरे, तुम्ही बापलेक जन्मभर टायर घासत बसलात. टायरात तेल आहे तेल. डिझेल!” मी म्हटलं, “डिझेल नव्हे दाजी, भट्टीत जाळायचं तेल.” “तेच ते.” त्या ‘तेच ते’मध्ये माझे ३ लाख गेले. ताईचा शब्द मोडवेना, दुसरं काय.

गावाबाहेर काजूच्या बागेला लागून शेड उभी राहिली. आत १० टनांचा फिरता ड्रम. टायर कोंबायचे, दार घट्ट बंद करायचं, हवा लागू न देता चारशे-साडेचारशे अंशांपर्यंत तापवायचं. रबर जळत नाही, उष्णतेनं त्याचे घटक सुटे होतात. वाफ होते, ती गार केली की काळं तेल. गार न होणारा गॅस परत ड्रमखाली जाळायचा. विकणाऱ्यानं सांगितलेला हिशेब खोटा नव्हता: १० टनांतनं ४ टनांच्या वर तेल, ३ टन कार्बनची काळी भुकटी, टन-दीड टन टायरातली पोलादी तार, बाकी गॅस. कागदावर सगळं विकलं जातं. तेल जातंच, रस्त्याचं डांबर तापवणारे हॉटमिक्सवाले आणि भट्टीवाले नेतात. पण तार? दाजींना वाटलं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले (ओतकामवाले) रांग लावतील. एकानं एक गठ्ठा हातात घेतला, हात काळा झाला, आणि म्हणाला, “काजळी आणि सल्फर तुमच्याकडंच ठेवा, माझं कास्टिंग बिघडंल.” कार्बनच्या गोण्या तर पावसाळ्यात शेडमध्येच भिजल्या, आणि काळं पाणी ओढ्याला लागलं. शेजारची मावशी दोरीवरचं पांढरं लुगडं घेऊन भांडायला आली, त्यावर राखाडी ठिपके. तिला उत्तर द्यायला दाजींनी मला पुढं केलं.

मग ते दार. एक बॅच तापायला आणि गार व्हायला दिवस जातो. दाजींना दोन दिवसांत तीन बॅचेस हव्या होत्या. ड्रम अजून आतनं धगधगत असताना दार उघडायला लावलं. आतल्या कार्बनला हवा मिळाली आणि जाळ बाहेर आला. दारात गावातलाच एक पोरगा होता. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले. मीच त्याला गाडीत घालून बेळगावला आणलं. तो सगळ्या वाटेनं एकच विचारत होता, “मालक रागावलेत काय ओ?” मला अजून तो रस्ता नको वाटतो.

त्याआधी दोन महिने प्रदूषण मंडळाची एक नोटीस आली होती. कन्नडमधनं. दाजींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आमच्याकडच्या निम्म्या मराठी माणसांसारखंच. “बिल असंल” म्हणून त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. अपघातानंतर शेजारच्या कन्नड मीडियमच्या पोरीनं वाचून दाखवली, तर १५ दिवसांत खुलासा मागितलेला. मुदत कधीच उलटलेली. आठवड्यात शेडला सील. यात कुणावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. सीमाप्रश्नावर रात्रभर वाद घालणारी माणसं आम्ही, पण दारात आलेला कागद वाचून घ्यायला माणूस शोधत नाही.

आता तुमच्या नियमांचं. २०१९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या अहवालात देशभरात असे ६३७ प्लांट मोजले होते. त्यातले २७० नियम न पाळणारे आणि ११६ बंद. म्हणजे दाजी काही एकटे नव्हते. जुलै २०२२ मध्ये घातक कचऱ्याच्या नियमांत जुन्या टायरसाठी वेगळी तरतूद आली. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली: पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, मग १००. ती त्या स्वतः निभावत नाहीत, नोंदणीकृत रिसायकलरकडनं, इतके जुने टायर वाटेला लावले याचं, सर्टिफिकेट विकत घेतात. तुमचं खरं दुसरं उत्पन्न तिथं आहे. पण नोंदणी सरकारी पोर्टलवर, जीएसटीची बिलं हवीत, आणि राज्य प्रदूषण मंडळाची संमती तर आधीच हवी. शिवाय तेल किंवा कार्बन काढायला परदेशातनं जुने टायर आणायला बंदी. म्हणजे माल इथलाच. तो ‘मुबलक मिळतो’ असं तुम्ही लिहिलंय ते एकदा सकाळी सहाला भंगारवाल्याकडं उभं राहून तपासा. बरा टायर आधी आमच्याकडं येतो, त्याहून गेलेला बैलाच्या टायरगाडीला लागतो. तुमच्यापर्यंत येतो तो उरलेला, आणि त्यालाही चार गिऱ्हाइकं.

आणि हे दाजींनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो. त्याच नियमांत रिमोल्डिंगलाही स्थान आहे. टायर रिमोल्डला गेला तर कंपनीची जबाबदारी वर्षभर पुढं ढकलली जाते. म्हणजे टायर घासत बसणं हे सरकारनंही काम म्हणून मान्य केलंय. केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, चांगलं असेल तर ट्रकचा टायर दोनदा-तीनदा चढवता येतो, नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात. रबर एकदा पक्कं झालं की ते लोखंडासारखं वितळवून परत ओतता येत नाही. म्हणून पहिलं झिजवा, मग चढवा, परत झिजवा, मग भुकटी करून डांबरात घाला. तेल अगदी शेवटी. तेल जाळलं की तुमचं वर्तुळ तिथंच धुरात संपतं.

माझं दुकान आहे म्हणून मी असं बोलणार, हे धरून चाला. रिमोल्डचं सगळंच गोड नाही. पुढच्या चाकाला आम्हीही लावू देत नाही, मागच्या जोडीलाच. आणि पायरोलिसिसचे सगळे प्लांट दाजींसारखे नसतात. सलग चालणारी मशीनं येतात, त्यात दर बॅचला दार उघडावं लागत नाही, कार्बनही बंदिस्त निघतो. ती घेण्याएवढं भांडवल आणि कागद सांभाळायला पगारी माणूस असेल तर धंदा होतो. ते नसेल तर २ एकरांत भात लावा.

नफ्याचा आकडा मी देणार नाही. तेलाचा भाव कारखान्यांच्या भट्टीत जळणाऱ्या फर्नेस ऑइलच्या मागं पळतो, आज सांगितलेला उद्या चुकतो. भाजलेल्या पोराला आम्ही दुकानात घेतलं, आता टायरला खिळे-भोकं तपासायचं काम करतो, बोटं पूर्ण मिटत नाहीत. दाजींचा ड्रम अजून त्या शेडमध्ये आहे. हवा असेल तर बघून या, पण भंगारच्या भावानं मागा. ते मशिनरीचा भाव सांगतील.