हिवतापाच्या परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम्स नक्की काय काम करतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, रक्तात असताना हिवतापाचा परजीवी जवळजवळ सगळी ऊर्जा ग्लुकोज फोडूनच मिळवतो, तर मग त्याच्या मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम्स कशाला आणि सेमिनारमध्ये भर कशावर द्यायचा. भर द्या डायहायड्रोओरोटेट डिहायड्रोजनेजवर, म्हणजे डीएचओडीएचवर. याच एन्झाइमपायी मी महिनाभर खोटारडी ठरले होते, म्हणून राहवलं नाही.

प्रयोगशाळेत मी नवीन होते. फॅल्सिपॅरमच्या, म्हणजे हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीच्या, दोन फ्लास्कना अटोव्हाक्वोन हे हिवतापाचं औषध द्यायचं आणि स्लाइड बघत राहायचं, एवढंच काम. मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणारी एन्झाइम्सची एक साखळी असते; हे औषध तिच्यातलं सायटोक्रोम बीसी-१, म्हणजे कॉम्प्लेक्स ३, बंद पाडतं. त्याचा परिणाम सावकाश दिसतो, म्हणून मी ९६ तास, दोन पूर्ण चक्रं थांबले. गिम्सा या रंगाने रंगवलेली स्लाइड ऑइल इमर्शनखाली घेतली. पहिल्या फ्लास्कमध्ये आक्रसलेले काळपट ठिपके होते, म्हणजे परजीवी मेलेले. दुसऱ्यात टवटवीत रिंग्ज, म्हणजे जिवंत कोवळे परजीवी! निळसर कडं आणि त्यावर लालसर टिंब, काही पेशींत तर दोन-दोन.

सीनियरने जेमतेम पाहिलं आणि म्हणाले, "तू यात औषध घातलंच नाहीस."

मी घातलं होतं. पुन्हा केलं, या वेळी मैत्रिणीला शेजारी उभं करून. तेच. मग ऐकवलं की पातळ करताना माझं चुकलं असणार. अहो, त्याच नळीतलं औषध शेजारच्या फ्लास्कमधल्या परजीवींना मारत होतं! पण नव्या मुलीचा हात चुकला म्हणणं सोपं असतं. ग्रुप मीटिंगमध्ये माझा निकाल दाखवूच दिला नाही.

उत्तर मला छापील सापडलं. २००७ साली हिवतापाचे संशोधक अखिल वैद्य यांच्या गटाने नेचर या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग मांडला होता. माणसाची पेशी बाहेरून पिरिमिडीन उचलू शकते. या परजीवीला ते जमत नाही, डीएनएसाठी लागणारं पिरिमिडीन त्याला स्वतःच बनवावं लागतं. त्या मार्गातली चौथी पायरी डीएचओडीएच करतं, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर बसून. डायहायड्रोओरोटेटचे इलेक्ट्रॉन काढून ते युबिक्विनोनला, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूला, देतं. युबिक्विनोन भरलं की ते कुणीतरी रिकामं करायला हवं, आणि ते काम कॉम्प्लेक्स ३ चं. ते बंद पडलं की युबिक्विनोन भरलेलंच राहतं, डीएचओडीएच थांबतं आणि परजीवीचा डीएनए होईना. वैद्यांच्या गटाने परजीवीत यीस्टचं डीएचओडीएच घातलं. ते पेशीद्रवात काम करतं आणि इलेक्ट्रॉन फ्युमरेट या दुसऱ्या रेणूला देतं, त्याला युबिक्विनोन लागतच नाही. अटोव्हाक्वोन दिलं तरी ते परजीवी वाढत राहिले. म्हणजे रक्तातल्या अवस्थेत ती अख्खी इलेक्ट्रॉन साखळी प्रामुख्याने या एका एन्झाइमसाठी चालते.

वाचता वाचता लक्षात आलं, आमच्या फ्रीझरमध्ये अगदी हीच यीस्ट-जनुकाची लाइन, म्हणजे ते जनुक घातलेल्या परजीवींचा वाण, ठेवलेली होती. त्याच लेखातली दुसरी गोष्ट करून पाहिली: अटोव्हाक्वोनच्या जोडीला प्रोग्वानिल हे दुसरं औषध दिलं, की या लाइनचे परजीवीही मरतात. दिलं, आणि माझ्या 'औषध न घातलेल्या' फ्लास्कमधले परजीवी मेले. मग यीस्टच्या जनुकासाठी पीसीआर, म्हणजे ते जनुक आहे का ते दाखवणारी चाचणी, केला. पट्टा स्पष्ट आला. त्या फ्लास्कमधले परजीवी ज्या व्हायलमधून, म्हणजे गोठवलेल्या कुपीतून, काढले होते तिच्यावरचं लेबल चुकीचं होतं आणि ते माझ्या अक्षरात नव्हतं. 'आमचं चुकलं' असं मला कुणीही म्हणालं नाही.

तेव्हा 'पेशीचं ऊर्जाघर' हे वाक्य सेमिनारमधून सरळ काढून टाका. शाळेत पाठ केलेलं ते वाक्य इथे दिशाभूल करतं. बाकीची एन्झाइम्स थोडक्यात: आपल्यासारखं कॉम्प्लेक्स १ याच्याकडे नाहीच, त्याच्या जागी एनडीएच-२ नावाचं एकच प्रथिन आहे, आणि तेही रक्तावस्थेत काढलं तरी परजीवी जगतो. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए जेमतेम ६,००० बेसचा, त्यावर फक्त ३ प्रथिनांची जनुकं, त्यांतलं एक सायटोक्रोम बी. त्याच्या २६८ व्या जागी बदल झाला की अटोव्हाक्वोन निष्प्रभ होतं. डीएचओडीएचवरच थेट घाव घालणारं डीएसएम-२६५ माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं होतं, तेही सांगा.

हो, एक राहिलं. वरचं सगळं रक्तातल्या अलैंगिक अवस्थेबद्दल आहे. डासात चित्र उलटतं. उंदरांच्या हिवतापावरच्या प्रयोगांत एटीपी सिंथेज हे ऊर्जेचा रेणू बनवणारं एन्झाइम काढलेले परजीवी रक्तात वाढले, पण डासात अडले. तिथे मायटोकॉन्ड्रिया खरोखरच ऊर्जेसाठी लागतो. क्रेब्स चक्राचंही काहीसं तसंच, त्या चक्रातलं अकोनिटेज हे एन्झाइम काढलेल्या फॅल्सिपॅरमला पक्व गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणाऱ्या लैंगिक अवस्थेतल्या पेशी, बनवता आले नाहीत. त्यामुळे 'निरुपयोगी' हा शब्द कुठल्याच एन्झाइमला लावू नका.

आणि प्रात्यक्षिक करणार असाल तर व्हायल बाहेर काढल्याच्या दिवशीच लाइनचा पीसीआर करून घ्या, लेबल कुणीही लिहिलेलं असो. औषध घालताना वेळ, बॅच आणि प्रमाण वहीत लिहा आणि शेजारी उभ्या असलेल्याची सही घ्या. माझ्या वहीत औषध घातल्याची वेळ होती, सही नव्हती.